कागदावर उतरलेला काळ

एप्रिलचा अखेरचा रविवार सूचिछिद्र छायाचित्रणाचा जागतिक दिवस म्हणून २००१ पासून पाळला जातो, आणि त्या दिवशी देशोदेशी हौशी मंडळी डब्यांना भोके पाडून उन्हात बसतात. छिद्रातून समोरचे दृश्य उलटे होऊन आत उतरते, ही शालेय पुस्तकातली गोष्ट सर्वपरिचित आहे. मला बोलायचे आहे ते त्या डब्यात फिल्मऐवजी बसवल्या जाणाऱ्या कागदाविषयी, कारण या कलेचे मर्म मला त्याच्या मंदगतीतच दिसते.

डार्करूममध्ये फोटो छापायला वापरतात तोच हा कृष्णधवल कागद. १८३५ च्या ऑगस्टात छायाचित्रणाचे आद्य प्रवर्तक फॉक्स टॅलबट यांनी लॅकॉक अ‍ॅबे येथील आपल्या घराच्या खिडकीची जी टपालतिकिटाएवढी निगेटिव्ह घेतली, तीही, पेटीला भिंग असले तरी, कागदावरचीच होती. निळ्या प्रकाशाला हा कागद तत्काळ वश होतो, तांबड्याची मात्र दखलही घेत नाही; म्हणून तांबड्या दिव्याखाली तो निर्धास्त हाताळता येतो, आणि म्हणूनच छापील प्रतीत निळे आकाश पांढरेफटक उतरते. त्याची संवेदनक्षमता आयएसओ मापाने जेमतेम ३ ते ६. दीडशे मिलिमीटर खोल पेटीला भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांच्या गणिताने सुमारे अर्ध्या मिलिमीटरचे छिद्र लागते, आणि एवढ्या चिंचोळ्या वाटेने आलेल्या प्रकाशाला लख्ख उन्हातही ठसा उमटवायला मिनिटभर खपावे लागते. त्या मिनिटात रस्त्याने गेलेली माणसे चित्रात येतच नाहीत.

या मंदपणाची परमावधी इंग्लंडातील हर्टफर्डशायर विद्यापीठाच्या बेफर्डबरी वेधशाळेत झाली. रेजिना वाल्केनबोर्ग या कलाशाखेच्या विद्यार्थिनीने २०१२ मध्ये बियरच्या डब्यात असा कागद घालून तो दुर्बिणीच्या घुमटावर लावला. तिचे आधीचे प्रयत्न दमटपणाने कागद गुंडाळला जाऊन वाया गेले होते, आणि हा डबाही पुढे विस्मरणात गेला. सप्टेंबर २०२० मध्ये तेथील कर्मचाऱ्याने तो उतरवला, तेव्हा आठ वर्षे एक महिना सूर्याने आपली हजेरी त्यावर स्वहस्ते मांडलेली निघाली : २,९५३ कमानी, एकीवर एक, डावीकडे घुमट आणि उजवीकडे मध्यंतरीच्या काळात उभारलेला उपकरणांचा मचाण. इतका दीर्घकाळ उजेडात राहिलेल्या कागदाला विकासक द्रव लागत नाही. चांदीचे क्षार निव्वळ उजेडाने काळवंडत जातात. तो स्कॅन करून संगणकात पालटून घ्यायचा, तेही एकदाच, कारण स्कॅनरचा दिवासुद्धा त्याला काळवंडवतो. निरभ्र दिवसाची रेघ अखंड आणि ढगाळ दिवसाची तुटक, असा हा ऋतुमानाचा अस्सल दस्तऐवज आहे, आणि कलादालनाइतकाच तो वेधशाळेच्या दफ्तरातही शोभेल, असे माझे ठाम मत आहे.

आपल्याकडे मात्र इंग्लंडचा कित्ता जसाच्या तसा गिरवून भागणार नाही. बेफर्डबरीस ऐन उन्हाळ्यातही मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून ६२ अंशांपलीकडे चढत नाही. पुण्यामुंबईस तो मे महिन्यात थेट डोक्यावर येतो, आणि दक्षिणाभिमुख डब्यात त्याची वाट कागदाच्या कडेबाहेर निघून जाते. म्हणून छिद्र पूर्वेस किंवा पश्चिमेस ठेवावे, म्हणजे उदयास्ताच्या उभट तिरप्या रेघा नीट सापडतात. २२ डिसेंबरच्या सुमारास डबा गच्चीच्या कठड्याला घट्ट बांधावा, झाकणाची सांध काळ्या टेपने दुहेरी वेढावी, आणि मृगाच्या पहिल्या सरीआधी तो उतरवून घ्यावा.