श्राव्य वैद्यक आणि मराठी क्रियापद : वावर-वांगणीच्या संदर्भात काही विचार

वावर आणि वांगणी ही जव्हार तालुक्यातील गावे. १९९२-९३ साली कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंमुळे ही नावे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाली. जव्हार व मोखाडा हे तालुके त्या वेळी ठाणे जिल्ह्यात मोडत असत; १ ऑगस्ट २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहेत. या मृत्यूंच्या निमित्ताने अन्न, रोजगार, रस्ते, डॉक्टर यांविषयी पुष्कळ लिहिले गेले, आणि त्या प्रश्नांचे महत्त्व निर्विवाद आहे. प्रस्तुत लेखात त्यांच्याच पोटातील एका लहानशा भाषिक प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. आजारी मुलाविषयी जगात कोठेतरी सिद्ध झालेले ज्ञान वावरच्या उंबरठ्यापर्यंत कोणत्या शब्दांनी पोहोचते, आणि वाटेत त्यातून काय गळून पडते, हा तो प्रश्न होय. चिकित्सकांसाठी निघणाऱ्या पॉडकास्टांच्या प्रसारामुळे तो आता अधिक निकडीचा झाला आहे.

प्रथम पॉडकास्ट या प्रकाराचा परिचय करून घेऊ. इंटरनेटवरून भागाभागांनी प्रसृत होणारी आणि श्रोत्याने सवडीप्रमाणे ऐकावयाची श्राव्यमालिका, असे त्याचे ढोबळ वर्णन करता येईल. हा शब्द ब्रिटिश पत्रकार बेन हॅमर्सली यांनी फेब्रुवारी २००४ मध्ये ‘गार्डियन’ पत्रातील लेखात प्रथम योजला. शब्द नवा असला तरी डॉक्टरांनी कानाने शिकण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत १९५० नंतरच्या दशकातच ‘ऑडिओ-डायजेस्ट’ या संस्थेने वैद्यकीय नियतकालिकांचा सारांश ध्वनिफितींवर देण्यास आरंभ केला होता. आज ‘लॅन्सेट’, ‘जामा’ यांसारखी नियतकालिके आपल्या लेखांवर श्राव्य संभाषणे प्रसृत करतात. विषाणुशास्त्रज्ञ व्हिन्सेंट रॅकानिएलो यांनी २००८ मध्ये सुरू केलेली ‘धिस वीक इन व्हायरॉलॉजी’ ही मालिका तर विद्यार्थी आणि चिकित्सक या दोघांनाही परिचित आहे.

या मालिकांतील विषयांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. पहिला संशोधनाचा : अमुक प्रयोगात काय दिसले. दुसरा व्यवसायाचा : अनुभवी डॉक्टर रुग्णाजवळ काय करतात. तिसरा आरोग्यधोरणाचा : शासनाने वा जागतिक आरोग्य संघटनेने काय करावे असे ठरविले. छापील नियतकालिकात हे तीन वर्ग निरनिराळ्या पृष्ठांवर, निरनिराळ्या शीर्षकांखाली येतात. पॉडकास्टमध्ये ते एकाच संभाषणात, एकाच आवाजात, कित्येकदा एकाच वाक्यात येतात. डोळ्याला मिळणारी पृष्ठाची खूण कानाला मिळत नाही. कानासाठी उरते ती भाषेची खूण. आणि मराठीत ही खूण मुख्यत्वे क्रियापदात असते.

एक उदाहरण घेऊ. तीव्र कुपोषित परंतु अन्य गुंतागुंत नसलेल्या मुलाला आहाराबरोबर प्रतिजैविक औषध द्यावे काय? २०१३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आफ्रिकेतील मलावी येथील प्रयोग प्रसिद्ध झाला. २,७६७ मुलांच्या त्या प्रयोगात निरौषध गटात ७.४ टक्के मुले दगावली. ॲमॉक्सिसिलिन मिळालेल्या गटात हे प्रमाण ४.८ टक्के होते. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने अशा मुलांना प्रतिजैविक देण्याची शिफारस केली, पण ती सशर्त होती आणि पुरावा कमी प्रतीचा असल्याचे तिने स्वतःच नमूद केले होते. पुढे २०१६ मध्ये त्याच नियतकालिकात नायजर येथील २,४१२ मुलांचा प्रयोग आला. तेथे बरे होण्याचे प्रमाण औषध मिळालेल्या गटात ६५.९ टक्के व न मिळालेल्या गटात ६२.७ टक्के भरले. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या निर्णायक ठरला नाही.

आता हे सारे ऐकलेला डॉक्टर आरोग्यसेविकेला मराठीत काय सांगेल? ‘फरक आढळला नाही’ असे सांगेल की ‘फरक नाही’ असे? पहिले वाक्य एका प्रयोगाचा वृत्तांत आहे. दुसरे वस्तुस्थितीविषयीचा सिद्धांत. ‘आढळला’ हे एक क्रियापद गळाले की एका देशातील अनिर्णित निष्कर्ष सर्वत्र लागू असलेला निर्णय होऊन बसतो. शिवाय मलावीच्या प्रयोगात मृत्यूंची मोजणी ठळक होती, तर नायजरच्या प्रयोगाचा मुख्य प्रश्न बरे होण्याच्या प्रमाणाचा होता. चांगल्या पॉडकास्टात हा भेद दोन तज्ज्ञांच्या वादातून उलगडतो, आणि तेथेच या प्रकाराचे खरे सामर्थ्य आहे. छापील सारांश निष्कर्ष सांगतो. संभाषण निष्कर्षाविषयीची शंकाही ऐकविते. मात्र ही शंका इंग्रजीत स्वराच्या हेलकाव्यातून आणि सूचक साहाय्यक क्रियापदांतून व्यक्त होते, आणि घाईघाईने केलेल्या मराठी पुनःकथनात सर्वांआधी तीच नाहीशी होते.

हा दोष मराठीच्या दारिद्र्याचा आहे असे मानण्याचे कारण नाही. ज्ञानाची निश्चिती दर्शविणारी सुरेख श्रेणी आपल्या भाषेत तयार आहे. ‘ताप उतरतो’ यात सामान्य नियम आहे. ‘ताप उतरला’ यात घडलेली घटना आहे. ‘ताप उतरलेला दिसतो’ यात निरीक्षकाचे अनुमान आहे. ‘ताप उतरला असावा’ यात तर्क आहे. आणि ‘ताप उतरला म्हणे’ यात ऐकीव बातमी आहे, जिची हमी वक्ता घेत नाही. याच रीतीने कर्तव्याचीही श्रेणी आहे : ‘देता येईल’, ‘द्यावे’, ‘दिले पाहिजे’, ‘दिलेच पाहिजे’. जागतिक आरोग्य संघटना आपल्या शिफारशींचे ‘बलवान’ आणि ‘सशर्त’ असे वर्ग करते. मराठीत ‘दिले पाहिजे’ आणि ‘देता येईल’ या दोन रूपांनी हा भेद कोणतीही नवी परिभाषा न घडविता पाळता येतो. संशोधनासाठी ‘आढळले’, व्यवसायासाठी ‘आम्ही देतो’, धोरणासाठी ‘द्यावे’, एवढी शिस्त वक्त्याने पाळली तरी ऐकणाऱ्याला तिन्ही प्रांतांच्या सीमा कळतील. परिपत्रकी मराठीत मात्र ‘देण्यात यावे’ या एकाच ठशात संशोधन, अनुभव आणि आज्ञा यांचा काला होतो.

परिभाषेचा दुसरा प्रश्न शब्दांचा आहे. वर ‘तीव्र कुपोषित’ हा शब्दप्रयोग आला. इंग्रजीत येथे दोन विशेषणे आहेत : एक कुपोषणाची मात्रा सांगते, दुसरे ते अलीकडचे व झपाट्याने आलेले आहे हे सांगते. मराठीत मात्रेलाही आपण ‘तीव्र’ म्हणतो आणि अल्पकालीन दुखण्यालाही ‘तीव्र’च म्हणतो. त्यामुळे रूढ मराठी नावात दोन विशेषणांचे एकच विशेषण झाले आहे, आणि काळाचा अर्थ लोपला आहे. हा लोप निरुपद्रवी नाही. उंचीच्या मानाने वजन घटलेले मूल लुकडे असते. वयाच्या मानाने उंची न वाढलेले मूल खुजे असते. पहिल्याच्या जिवाला तात्काळ धोका असतो; दुसऱ्याची हानी महिनोन् महिने साचत आलेली असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील मुलांपैकी ३५.२ टक्के खुजी आणि २५.६ टक्के लुकडी आढळली. दोन्ही प्रकारांना ‘कुपोषण’ हे एकच नाव दिल्यास कोणत्या मुलाला आज उपचार केंद्रात न्यावयाचे हे त्या नावावरून कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ च्या मार्गदर्शिकेच्या शीर्षकात लुकडेपणा आणि कुपोषणजन्य सूज यांचा प्रत्यक्ष उल्लेख करून जुने नाव कंसात टाकले आहे. ‘लुकडे’ आणि ‘खुजे’ हे शब्द ग्रांथिक नाहीत म्हणून त्यांना दूर सारण्याचे कारण नाही. उलट ते ऐकताच कळतात हाच त्यांचा पारिभाषिक गुण समजावा.

तिसरी गोष्ट अंकांची. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर ११५ मिलिमीटरहून कमी असणे हे तीव्र कुपोषणाचे एक लक्षण आहे. हा अंक इंग्रजीत ऐकताना ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांची गल्लत होऊ शकते. मराठीत ‘पंधरा’ आणि ‘पन्नास’ यांची होत नाही. परंतु ‘एकोणसाठ’ व ‘एकोणसत्तर’, ‘सदुसष्ट’ व ‘अडुसष्ट’ यांची होते. यावर उपाय सोपा आहे : मात्रा सांगताना अंक एकदा संख्यावाचकाने व एकदा सुटा उच्चारावा. येथे मराठीच्या अपूर्णांकवाचकांचाही लाभ घ्यावा. ११५ मिलिमीटर म्हणजे साडेअकरा सेंटिमीटर; आणि मध्यम कुपोषणाची वरची मर्यादा साडेबारा. दशांशचिन्ह वगळून सांगितलेले हे दोन शब्द अंगणवाडी सेविकेच्या स्मरणात सहज राहतील.

येथवर जे म्हटले त्यावर असा आक्षेप येईल की, डॉक्टरांचे शिक्षण इंग्रजीतून झालेले असते. मग त्यांच्यासाठी मराठी पॉडकास्टचे प्रयोजन काय? याचे उत्तर गडचिरोलीच्या इतिहासात मिळते. डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातील स्त्रियांना प्रशिक्षण देऊन तो पार पडला. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ च्या ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे २०११ मध्ये आशा कार्यकर्तींनी नवजात बालकाच्या घरी भेटी द्याव्यात असे राष्ट्रीय धोरण झाले : प्रसूती रुग्णालयात झाली असल्यास सहा, घरी झाली असल्यास सात. या ज्ञानाची वाट लक्षात घेण्याजोगी आहे. ते मराठी मुलुखातील गावांत निर्माण झाले, इंग्रजीत सिद्ध झाले, दिल्लीत धोरण बनले आणि आशेच्या तोंडून पुन्हा गावात परतले. मधला इंग्रजी टप्पा आवश्यक होता, यात शंका नाही. परंतु आरंभ आणि शेवट आपल्या भाषांतच होते. डॉक्टर इंग्रजीत ऐकतो, पण त्याला बोलावे लागते ते मराठीत. आणि या भाषांतराचा भार आज प्रत्येक डॉक्टर एकट्याने, कोणत्याही तयारीवाचून वाहतो. मराठी पॉडकास्ट हा भार एकदा, विचारपूर्वक आणि सर्वांसाठी उचलू शकेल.

वावरकडे जाताना भाषेचा आणखी एक टप्पा लागतो. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी या समाजांची वस्ती आहे आणि प्रमाण मराठी ही त्यांपैकी अनेकांच्या घरची भाषा नव्हे. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणात वारलीचा समावेश मराठीला वाहिलेल्या सातव्या खंडात (१९०५) झाला, म्हणून वारली माउलीला प्रमाण मराठीची क्रियापदे आपोआप कळतील असे समजणे भाबडेपणाचे होईल. या टप्प्यावर अधिकार त्या बोलीच्या भाषकांचा, म्हणजे तेथीलच आशा व अंगणवाडी सेविकांचा आहे. पॉडकास्टच्या कर्त्यांनी त्यांना विचारूनच पुढे जावे.

आणि विचारण्यासाठी वाट हवी. पॉडकास्ट हे एकमुखी साधन आहे. श्रोत्याची शंका वक्त्याला ऐकू जात नाही. या बाबतीत आपल्याच प्रांतातील एक जुना प्रयोग मार्गदर्शक ठरेल. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने पाच मराठी जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत रेडिओ-मंडळे चालविली. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवीत. त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमांत मिळत. वैद्यकाच्या क्षेत्रात याला समांतर असा पुरावाही आहे. न्यू मेक्सिकोत डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये आरंभिलेल्या ‘इको’ प्रकल्पात दूरच्या दवाखान्यांतील डॉक्टर दृक्-श्राव्य यंत्रणेने तज्ज्ञांशी नियमित चर्चा करीत. हिपॅटायटिस सीच्या ४०७ रुग्णांविषयी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विद्यापीठाच्या दवाखान्यात ५७.५ टक्के, तर दूरच्या ठिकाणी ५८.२ टक्के रुग्ण विषाणुमुक्त झाल्याचे आढळले. ऐकणाऱ्याला बोलण्याचीही मुभा असेल तर अंतर आड येत नाही, असे यावरून निदान म्हणता येते.

म्हणून मराठी श्राव्य वैद्यकाची योजना करताना नुसत्या ध्वनिमुद्रणावर थांबू नये. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मासिक बैठकीत एक भाग सर्वांनी मिळून ऐकावा. तो ऐकून आरोग्यसेविकेने तेच आपल्या शब्दांत परत सांगावे. आणि तिच्या सांगण्यात ‘आढळले’चे ‘आहे’ झाले किंवा ‘देता येईल’चे ‘दिलेच पाहिजे’ झाले तर ती तिची चूक न मानता भाग रचणाऱ्याची मानावी. कोणत्या क्रियापदाचे काय होते याची अशी टिपणे झाली तर भाषाशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसही अभ्यासाला उत्तम सामग्री मिळेल. आपल्या विभागाने या कामी वैद्यकीय महाविद्यालयांचे सहकार्य मागावयास हरकत नाही.

‘चिकित्सक’ या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत : उपचार करणारा, आणि बारकाईने परीक्षण करणारा. इंग्रजीत हे दोन अर्थ एका शब्दात मावत नाहीत. वैद्यकीय पॉडकास्ट ऐकणाऱ्याला दोन्ही अर्थांनी चिकित्सक राहता यावे, आणि त्याच्याकडून ऐकणाऱ्या सेविकेला व आईलाही तो अधिकार मिळावा, एवढ्यासाठी हा क्रियापदांचा विचार केला. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत भरणाऱ्या दंडाविषयी बोलताना शब्दांत सैलपणा परवडत नाही.