फ्लॅट रेटचं गणित आणि एबीएसची थरथर

परवा शोरूममध्ये एक काका भेटले. कॉलेजात आरएक्स १०० पळवलेली, मग संसार, कार. आता मुलं मार्गी लागल्यावर पुन्हा बाइक घ्यायची होती. सेल्समन सांगत होता, "सर, फक्त दहा टक्के!"

मी हळूच विचारलं, "फ्लॅट की रिड्युसिंग?"

सगळी मेख इथेच असते. एक लाख कर्ज, तीन वर्षं, १० टक्के फ्लॅट म्हणजे व्याज सरळ ३०,०००. हप्ते फेडून मुद्दल घटत जातं, व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावरच. तेच १० टक्के रिड्युसिंगने असेल तर व्याज साधारण १६,०००. म्हणजे फ्लॅटचे दहा प्रत्यक्षात अठराच्या घरात जातात!

कर्ज फिटल्यावर एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरसीवरचा बोजा उतरवा. नाहीतर गाडी विकताना अडतं.

लायसन्सही बघा. मुदत संपून वर्ष उलटलं असेल, तर पुन्हा टेस्ट द्यावी लागते.

आणि ब्रेक. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना २०१९पासून एबीएस सक्तीचं आहे. करकचून ब्रेक मारला की लिव्हर बोटांखाली थरथरतो. जुना रायडर दचकून सोडून देतो. सोडू नका, दाबून ठेवा. रिकाम्या मैदानात दोन-चारदा करून बघा, मगच घाटाचं नाव काढा.

कोटेशन हातात असेल तर आकडे कमेंटमध्ये टाका, हिशोब करून देतो.