लघुलेखनाचा वेग : डिक्टेशनचा सराव कसा करावा?

मागच्या वेळी आपण शब्दचिन्हं पाहिली, आज डिक्टेशनकडे वळू.

"रोज तासभर डिक्टेशन घेतो, पण स्पीड 80 च्या पुढे सरकत नाही," अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. आता हिशेब करू. मिनिटाला 100 शब्द म्हणजे तीन सेकंदांत पाच शब्द. एखादी आउटलाइन आठवायला तीन सेकंद थांबलो, की सांगणारा पाच शब्द पुढे गेलेला असतो. मग ते गाठायच्या घाईत पुढच्या आउटलाइन बिघडतात. म्हणजे वेग जातो तो अडखळण्यात. हात नुसता पळवून तो भरून निघत नाही.

म्हणून रोज नवे पाच उतारे घेण्यापेक्षा एकच उतारा नीट घेऊ. दर 20 शब्दांनंतर खूण करायची. 80 च्या वेगाला प्रत्येक खूण 15 सेकंदांनी यायला हवी. 100 साठी हीच खूण 25 शब्दांवर करायची. पहिल्यांदा झेपेल त्या वेगाने घ्या. मग पुस्तक बंद ठेवून आपलीच वही मोठ्याने वाचा. जिथे अडलात, तिथे गोल करा. त्या आउटलाइन तोंडाने शब्द म्हणत ओळभर गिरवा. त्यानंतर तोच उतारा 10 शब्द वाढवून, मिनिटा-मिनिटाचे तुकडे पाडून घ्या. शेवटी नवा उतारा मूळ वेगाने. घेताना शब्द सुटला तर जागा सोडून पुढे चला, मागे वळू नका.

आता अचूकतेचं. पिटमन पद्धतीत बारीक रेघ 'प', तीच जाड झाली की 'ब'. वेगात आपण बहुतेक स्वर गाळतो आणि संदर्भावरून वाचतो. पण 'पात्र' आणि 'अपात्र' यांची व्यंजनं सारखीच आहेत. सुरुवातीचा 'अ' गाळला आणि टंकताना चुकीचा शब्द पडला, तर आदेशाचा अर्थच उलटतो आणि एखाद्याची नोकरी जाते. इथे संदर्भही मदत करत नाही, कारण वाक्यात दोन्ही शब्द चपखल बसतात. 'मान्य-अमान्य', 'वैध-अवैध' यांचंही तसंच. अशा जोड्यांत सुरुवातीचा स्वर दाखवायचाच, वेग कितीही असो.

परीक्षाही हेच तपासते. स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या ग्रेड 'डी' स्टेनोग्राफर चाचणीत 80 च्या वेगाने 10 मिनिटं डिक्टेशन असतं आणि ते संगणकावर उतरवायला इंग्रजीसाठी 50, हिंदीसाठी 65 मिनिटं मिळतात. म्हणजे लिहिण्यापेक्षा वाचून उतरवण्यालाच वेळ जास्त. तरी घरी आपण नेमकं तेच टाळतो! घेतलेलं डिक्टेशन न वाचता पान उलटलं, तर चूक कुठे झाली ते कळत नाही आणि दुसऱ्या दिवशी तीच पुन्हा होते.

तर पुढच्या वेळेपर्यंत एवढं करा : रोज एक उतारा, आणि त्याचं पूर्ण वाचन. गोल केलेल्या शब्दांची वेगळी यादी ठेवा. ती आखडत गेली, की वेग वाढतोय असं समजा.