रौप्यकण आणि गोड्या पाण्यातील जीवसृष्टी

चांदीविषयी आपल्या समाजात जो आदर आहे, तो केवळ तिच्या मोलामुळे नाही. बाळाच्या उष्टावणाला चांदीची वाटी आणि चमचा आणावा, देवाचे तीर्थ चांदीच्या पात्रात ठेवावे, हा प्रघात ज्यांनी पाडला त्यांना जंतुशास्त्र ठाऊक नव्हते. तथापि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या शास्त्राचा उदय झाल्यावर या धातूच्या अंगी असलेला जंतुनाशक गुण प्रयोगानेही सिद्ध झाला. १८८०च्या सुमारास जर्मनीतील लाइपझिग येथील प्रसूतितज्ज्ञ कार्ल क्रेडे यांनी नवजात अर्भकांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटच्या सौम्य द्रावणाचा थेंब घालण्याची पद्धत सुरू केली, आणि जन्मताना मातेकडून होणाऱ्या संसर्गाने ज्यांची दृष्टी गेली असती अशा असंख्य बालकांचे डोळे वाचले. भाजलेल्या जखमांवरच्या मलमांतही चांदीने पुढे मानाचे स्थान मिळविले. ज्या द्रव्याचे मनुष्यजातीवर एवढे उपकार आहेत, त्याच्याविषयी शंका काढणे कोणाला कृतघ्नपणाचे वाटेल. परंतु गेल्या वीस-पंचवीस वर्षांत त्या द्रव्याचे रूप पालटले, त्याच्या वापराची कारणे पालटली, आणि मुख्य म्हणजे वापरानंतर ते जाऊन पोचते ते ठिकाणही पालटले, म्हणून त्याचा नव्याने विचार करणे प्राप्त झाले आहे.

आजची जंतुनाशक चांदी ही वाटी-चमच्याची चांदी नव्हे. ती शंभर नॅनोमीटरहून लहान कणांच्या रूपात असते, आणि एक नॅनोमीटर म्हणजे एका मीटरचा अब्जावा भाग. पदार्थाचे असे चूर्ण केल्याने त्याचे वजन तेच राहते, पण त्याचा पृष्ठभाग कल्पनेपलीकडे वाढतो. एक सेंटीमीटर बाजूचा चांदीचा घन घेतला तर त्याचा पृष्ठभाग अवघा सहा चौरस सेंटीमीटर भरतो. त्याच घनाचे दहा नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले, तर त्या सर्वांचा मिळून पृष्ठभाग सहाशे चौरस मीटर, म्हणजे आपल्याकडील जमीनमोजणीच्या हिशेबाने जवळजवळ सहा गुंठे होतो. चांदीचा जंतुनाशक गुण हा तिच्या पृष्ठभागावरून सुटणाऱ्या विद्युत्भारित कणांचा, म्हणजे आयनांचा गुण आहे. हे आयन जीवाणूंच्या प्रथिनांतील गंधकाला घट्ट चिकटतात, पेशीचे आवरण दुबळे करतात आणि तिचा श्वसनव्यापार बंद पाडतात. म्हणून चिमूटभर रौप्यकण जे कार्य करतात, ते अखंड चांदीच्या मोठ्या लगडीलाही साधत नाही.

हा गुण उद्योजकांच्या ध्यानात येण्यास वेळ लागला नाही. मोजे, अंतर्वस्त्रे, अन्नाचे डबे, भिंतींचे रंग, कपडे धुण्याची यंत्रे, अशा नाना वस्तूंत ‘जंतुमुक्त’ या आश्वासनासह चांदी येऊन बसली. पण वस्त्रातील चांदी वस्त्रातच राहते काय, हा साधा प्रश्न अमेरिकेतील ॲरिझोना राज्य विद्यापीठाच्या दोघा संशोधकांनी विचारला, आणि बाजारात मिळणारे मोजे पाण्यात खळबळून त्याचे उत्तर शोधले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार काही मोज्यांतून अर्ध्या लिटर पाण्यात साडेसहाशे मायक्रोग्रॅमपर्यंत चांदी उतरली. मोज्यातून न्हाणीत, न्हाणीतून गटारात आणि गटारातून अखेरीस नदीत, असा तिचा प्रवास आहे.

या प्रवासात निसर्ग आपले काही रक्षणही करतो, हे न्यायबुद्धीने नमूद केले पाहिजे. गटारातील आणि मैलापाणी शुद्धीकरण केंद्रातील प्राणवायूविरहित पाण्यात गंधकाची संयुगे विपुल असतात, आणि त्यांच्याशी संयोग पावून पुष्कळशी चांदी सिल्व्हर सल्फाइड या अत्यंत अविद्राव्य रूपात गाळात बसते. तिची मारकशक्ती तेथे बव्हंशी क्षीण होते. समुद्राच्या खाऱ्या पाण्यातील विपुल क्लोराइडही चांदीचे आयन मोकळे राहू देत नाही. परंतु गोड्या पाण्यात, विशेषतः पावसावर पोसलेल्या, क्षार कमी असलेल्या मृदू पाण्याच्या ओढ्यांत आणि तळ्यांत, असे संरक्षक द्रव्य अल्प असते. आणि जेथे सांडपाणी प्रक्रियेविना परभारे नदीला मिळते, तेथे शुद्धीकरण केंद्रातील गाळाचा आडोसाही उरत नाही. म्हणून या प्रश्नाचे खरे क्षेत्र समुद्र नसून गोडे पाणी आहे.

गोड्या पाण्याच्या जीवसृष्टीचा पाया शेवाळाच्या एकपेशीय वनस्पतींवर उभा आहे. स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी अशाच एका हरित शैवालावर रौप्यकणांचा प्रयोग केला, तेव्हा त्याची प्रकाशसंश्लेषणाची क्रिया मंदावली. मग त्यांनी त्याच पाण्यात सिस्टीन हे गंधकयुक्त द्रव्य मिसळले. त्याने चांदीचे मोकळे आयन बांधून टाकताच विषबाधाही नाहीशी झाली. कण हा आयनांचा साठा असून तो शैवालाच्या सान्निध्यात आपले आयन सोडीत राहतो, हे या प्रयोगाने उघड झाले.

शेवाळाइतकेच महत्त्वाचे, पण त्याहून दुर्लक्षित असे दुसरे जीव म्हणजे ओढ्यातील पाने कुजविणारी बुरशी. सह्याद्रीच्या दाट झाडीतून वाहणाऱ्या एखाद्या ओढ्याच्या डोहातून काळवंडलेले पान उचलून पाहावे. त्याचा हिरवा मगज नाहीसा झालेला असतो आणि शिरांची नाजूक जाळी तेवढी शिल्लक असते. हे काम जलवासी बुरशीने आरंभिलेले असते. तिच्या चार टोकांच्या चांदणीसारख्या बीजकणांचा शोध ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ इंगोल्ड यांनी लावून १९४२ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि पुढे पश्चिम घाटातील ओढ्यांतही या बुरशीच्या पुष्कळ जाती नोंदल्या गेल्या. बुरशीने मऊ केलेले पान किडे खातात, किड्यांना मासे खातात, आणि अशा रीतीने झाडावरून गळून पडलेले पान माशाचे अन्न होते. पोर्तुगालमधील संशोधकांनी चांदीचे आणि तांब्याच्या ऑक्साइडचे सूक्ष्मकण अशा पानांच्या पाण्यात मिसळून पाहिले, तेव्हा पाने कुजण्याची गती मंदावली आणि बुरशीच्या जातींचे वैविध्य घटले. जंतुनाशक द्रव्याला शत्रू आणि मित्र यांतील भेद कळत नाही. तण आणि पीक एकाच झपाट्यात कापणाऱ्या विळ्यासारखे त्याचे वर्तन असते.

आता सूक्ष्मदर्शकाखाली डाफ्निया हा डबक्यातील चिमुकला कवचधारी जीव पाहावा. त्याचे शरीर काचेसारखे पारदर्शक असल्याने पाठीकडचे धडधडणारे हृदय, हिरव्या शैवालाने भरलेले आतडे आणि मादीच्या पाठीतील पिशवीत वाढणारी पिल्ले, हे सारे जिवंतपणीच दिसते. आपल्या केसाळ पायांनी पाणी ढवळून, त्यातील अन्नकण गाळून घेऊन तो जगतो. त्यामुळे पाण्यात तरंगणारे रौप्यकण अन्नाबरोबरच त्याच्या आतड्यात जातात. पाण्यातील विषाची परीक्षा करण्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळा याच जिवाची योजना करतात: अठ्ठेचाळीस तासांत किती जीव निश्चेष्ट होतात, आणि एकवीस दिवसांत मादीला किती पिल्ले होतात, हे मोजले जाते. या कसोट्यांत चांदी ही गोड्या पाण्यातील अत्यंत विषारी धातूंपैकी एक ठरते.

याचे कारण मोठे उद्बोधक आहे. गोड्या पाण्यातील प्राण्याच्या रक्तात मीठ बाहेरच्या पाण्यापेक्षा कितीतरी अधिक असते, ते सतत बाहेर झिरपत असते, आणि तेवढेच सोडियम पाण्यातून पुन्हा ओढून घेण्याचे कष्ट माशाच्या कल्ल्यांतील विशिष्ट पेशी अहोरात्र करीत असतात. चांदीचा आयन नेमका याच कामाच्या विकराला निष्क्रिय करतो. मग रक्तातील सोडियम घटत जाते, रक्त दाट होते, आणि अखेरीस रक्ताभिसरण कोलमडून मासा मरतो.

परंतु प्रयोगशाळेतील मात्रा पुष्कळदा निसर्गातील मात्रेहून फार मोठी असते, असा रास्त आक्षेप घेतला जातो. त्याचे उत्तर प्रत्यक्ष तळ्यातच शोधावे, या हेतूने कॅनडातील शास्त्रज्ञांनी एक धाडसी प्रयोग केला. ओंटारिओ प्रांताच्या वायव्य भागात १९६८ पासून काही तळी केवळ संशोधनासाठी राखून ठेवलेली आहेत. तेथेच १९७३ साली डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका तळ्याचे पडद्याने दोन भाग करून एका भागात फॉस्फरस घातला होता, आणि तो भाग शैवालाने हिरवागार झाल्याचे दृश्य जगाने पाहिले. कपडे धुण्याच्या भुकटीतील फॉस्फेटवर निर्बंध घालण्याच्या चळवळीला त्या दृश्याने मोठे बळ दिले. याच ठिकाणी २०१४ आणि २०१५ या दोन वर्षांतील बर्फ नसलेल्या महिन्यांत, २२२ क्रमांकाच्या तळ्यात एकूण पंधरा किलो रौप्यकण थोडे थोडे करून सोडण्यात आले.

निष्कर्ष एकसुरी नव्हते, आणि म्हणूनच ते विश्वसनीय वाटतात. तरंगत्या शैवालाच्या समूहावर दीर्घकालीन परिणाम आढळला नाही. तळ्यातील सेंद्रिय द्रव्यांनी चांदीची धार बोथट केली असावी. परंतु पर्च आणि पाइक या दोन्ही जातींच्या माशांच्या शरीरात चांदी साठत गेली, आणि पाइक या शिकारी माशाच्या यकृतात तिचे प्रमाण सर्वांत अधिक आढळले. पर्च माशांची संख्या घटली, आणि त्यांचे अन्नग्रहणही कमी झाले. मेलेल्या माशांचा खच कोठेही पडला नाही. तरी वर्षामागून वर्ष माशांचा तो समाज रोडावत गेला. अशी झीज कोळ्याच्या जाळ्यात उशिरा दिसते आणि सरकारी दप्तरात त्याहूनही उशिरा नोंदली जाते, आणि हाच तिचा खरा धोका आहे.

याला आणखी एक बाजू आहे, आणि ती थेट मनुष्याच्या आरोग्याशी निगडित आहे. १९७५ साली बॉस्टनच्या एका रुग्णालयातील भाजलेल्या रुग्णांच्या विभागात आढळलेल्या साल्मोनेला जीवाणूंची हकीकत प्रसिद्ध झाली. चांदीने ते मरत नव्हते, आणि त्यांचा हा प्रतिकार ज्या जनुकखंडावर होता त्याच खंडावर काही प्रतिजैविकांविरुद्धचा प्रतिकारही होता. म्हणजे चांदीचा निष्कारण वर्षाव केल्याने जे जीवाणू टिकून राहतील, ते औषधांनाही दाद न देणारे असण्याचा संभव आहे.

मग चांदी वर्ज्य करावी काय? मुळीच नाही. २००९ साली आपल्या देशात भाताच्या तुसाच्या राखेवर रौप्यकण बसवून, विजेविना चालणारे स्वस्त जलशुद्धीकरण पात्र बाजारात आले; ज्या घरात शुद्ध पाण्याची सोय नाही तेथे त्याचे मोल फार मोठे आहे, आणि त्यातील चांदी राखेला धरून राहावी अशी योजना केलेली असते. जळालेल्या रुग्णाच्या जखमेवरची चांदीही अशीच सार्थकी लागते. भेद आहे तो प्रयोजनाचा आणि चांदी धरून ठेवण्याच्या बंदोबस्ताचा: जेथे प्राण वाचतो आणि कण आपल्या जागी राहतो तेथे तिचा उपयोग धर्म्य आहे, जेथे केवळ पायाचा दर्प लपवायचा आणि प्रत्येक धुण्यागणिक ती नदीला अर्पण करायची, तेथे तो अक्षम्य अपव्यय आहे.

इतर देशांनी या बाबतीत पावले टाकली आहेत. कपडे धुताना चांदीचे आयन सोडणाऱ्या यंत्रांना कीटकनाशकांचेच नियम लागू होतील, असा खुलासा अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने २००७ साली केला; युरोपीय संघाच्या २०१२ च्या जंतुनाशकविषयक कायद्याने अशा वस्तूंच्या वेष्टनावर सूक्ष्मकणांचा स्पष्ट उल्लेख करणे बंधनकारक केले. १९७४ च्या केंद्रीय कायद्यापूर्वीच, १९६९ साली, जलप्रदूषण प्रतिबंधाचा स्वतंत्र कायदा करणाऱ्या महाराष्ट्राने या नव्या विषयातही पुढाकार घ्यावा, ही अपेक्षा अवाजवी नव्हे. प्रत्येक वस्तूच्या वेष्टनावर चांदीचा आणि तिच्या कणरूपाचा उल्लेख असावा. धुण्यात तिच्यातील किती चांदी पाण्यात जाते याचा दाखला उत्पादकाने द्यावा. आणि नद्यांच्या नियमित तपासणीत या धातूची नोंद ठेवली जावी. ग्राहकाने तर इतकेच विचारावे की, साबण आणि ऊन यांनी जे साधते त्यासाठी चांदी कशाला हवी? नदीतल्या बुरशीला, शेवाळाला, डाफ्नियाला आपली बाजू कोणत्याही कचेरीत मांडता येत नाही. पण त्यांच्या श्रमावरच आपले पाणी आणि आपला मासा अवलंबून असल्याने, त्यांच्या वतीने हा अर्ज आपणच गुदरला पाहिजे.