आधी कृती, मग हाक

लोकहिताचे कार्य समाजाला पटवून द्यावयाचे, तर नुसत्या भाषणांनी भागत नाही. सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुक येथील कर्मवीर भाऊराव पाटील यांनी हे ओळखले होते. १९१९ साली कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. निरनिराळ्या जातींच्या मुलांनी एकत्र जेवावे, हे त्या काळी अनेकांस रुचत नसे; येथे मात्र ती एका पंक्तीस बसत व श्रम करून शिकत. भाऊराव गावोगाव हिंडून गरीब मुलांसाठी साहाय्य मागत, तेव्हा हे वसतिगृहच त्यांच्या शब्दांची साक्ष देई. १९२७ साली महात्मा गांधींनी त्यास छत्रपती शाहू महाराजांचे नाव दिले. आधी करून दाखवावे, मग हाक घालावी. ती हाक लोक ऐकतात.