दोन वर्षांचे दूध आणि बापाची जबाबदारी

आपल्याकडे बाळ जन्मले की कानात अजान दिली जाते, सातव्या दिवशी अकीका होतो. चाळीस दिवस दादी-नानी बाळंतिणीला हरीरा पाजतात, बाळाला मालिश करतात. मग सून शहरातल्या दोन खोल्यांत परतते. तिथे ती, बाळ आणि सकाळीच कामावर जाणारा नवरा. काही आठवड्यांत डब्याचे दूध येते आणि सगळे म्हणतात, "हिला दूधच पुरत नाही."

आईचे दूध मागणीप्रमाणे तयार होते. बाळ चोखते तेव्हा प्रोलॅक्टिन हे संप्रेरक स्रवते आणि दूध बनते. रात्री ते अधिक स्रवते, म्हणून रात्रीचे पाजणे महत्त्वाचे. दूध उतरायला ऑक्सिटोसिन लागते. वेदना आणि चिंता त्याच्या आड येतात. म्हणजे अनेकदा उणीव आईच्या अंगात नसते, तिच्या भोवती असते.

पहिल्या तासात स्तनपान, सहा महिने फक्त आईचे दूध, नंतर वरच्या आहारासोबत दोन वर्षे किंवा त्याहून अधिक, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपण अभिमानाने म्हणतो, दोन वर्षे तर कुरआनने चौदाशे वर्षांपूर्वीच सांगितली! खरे आहे; पण सूरह बकराची ती २३३ वी आयत आपण अर्धीच वाचतो. त्याच आयतीत आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी बापावर टाकली आहे. दूध लवकर तोडायचे असेल तर दोघांनी सल्लामसलत करून, राजीखुशीने ठरवावे, असेही म्हटले आहे. दुसऱ्या स्त्रीकडून दूध पाजून घेण्याचीही मुभा आहे. म्हणून खरोखरच दूध कमी असेल तर डॉक्टरांना दाखवावे, आईला बोल लावू नये.

२०१७ च्या दुरुस्तीने नोकरदार आईला पहिल्या दोन बाळंतपणांत २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. केंद्र सरकारी नोकरीतल्या बापाला १५ दिवसच मिळतात. तरी रात्री बाळाला उचलून आईजवळ देणे, लंगोट बदलणे, आईपुढे गरम जेवण ठेवणे, याला रजा लागत नाही. एकत्र कुटुंबात हे चार बायका करत. आज ते बापालाच करायचे आहे.

यात कमीपणा कसला? प्रेषित मुहम्मद (स.) घरी असताना घरच्यांच्या कामात हातभार लावत आणि नमाजची वेळ झाली की बाहेर पडत, असे हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितले आहे. ही सुन्नत आपल्या घरात आजच्या रात्रीपासून सुरू होऊ शकते.