पावसाळ्यात कुरळे केस का फुगतात? काय कराल?
जून उजाडला की मुंबई-कोकणात कुरळे केस पिंजारतात आणि 'केस विंचरत नाहीस का?' हा प्रश्न ठरलेलाच. पण दोष तुमचा नाही, दमट हवेचा आहे. हवेतली वाफ केसात शिरते, केराटिन या प्रथिनातले हायड्रोजन बंध तुटून नव्याने जुळतात आणि केस फुगतात. म्हणूनच घरी मशीनने सरळ केलेले केसही लोकल गाठेपर्यंत पुन्हा वळतात!

मग काय कराल?

• केस ओले असताना, कंडिशनर लावूनच मोठ्या दातांच्या कंगव्याने विंचरा.
• टॉवेलने खसाखसा पुसू नका, जुन्या सुती टी-शर्टने टिपा.
• ओल्या केसांवरच जेल लावा. वाळेपर्यंत हात लावू नका.
• जास्त ग्लिसरीन असलेली क्रीम टाळा. ते हवेतलं पाणी ओढतं.